बी.एस्सी. झालं, आता हिशेबाकडे वळताना

सर्वात आधी पदवीची शेवटची गुणपत्रिका काढा आणि टक्के बघा. सांगलीत विश्रामबागच्या क्लासांचे फलक वाचून लोक थेट फीचं विचारतात, टक्क्यांचं नंतर. सीएला थेट इंटरमीजिएटला, म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या परीक्षेला, प्रवेश हवा असेल तर वाणिज्य पदवीधराला 55 टक्के लागतात, बाकी सगळ्यांना 60. इतिहास असो, रसायनशास्त्र असो, सगळे ‘बाकी’तच. पदवीला 57 आहेत पण एम.एस्सी.ला 63 आहेत, तरी चालतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. गुणपत्रिकेवर श्रेणी असेल तर तिचे टक्के विद्यापीठाच्या नियमानेच काढा, अंदाजाने नको. 60 नसतील तर बारावीच्या जोरावर फाउंडेशनपासून, म्हणजे पहिल्या टप्प्यापासून, सुरुवात करायची. त्यात कमीपणा काही नाही. का, ते पुढे येईलच.

मी स्वतः वनस्पतिशास्त्राची. थेट प्रवेश घेतला तेव्हा नियम असा होता की, पदवीवाल्याने आधी नऊ महिने आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारी, करायची आणि मगच इंटरच्या परीक्षेला बसायचं. तेव्हा तो जाच वाटायचा. बारावीनंतर आलेली मुलं घरी बसून अभ्यास करत होती आणि मी मार्केट यार्डाजवळच्या एका ऑफिसात हळदीच्या पेढीच्या पावत्या लावत होते. पण त्याच नऊ महिन्यांनी मला वाचवलं. लाखाची हळद पेढीतून गेली तरी ती अडत्याची विक्री नव्हे, त्याचं उत्पन्न फक्त अडतीएवढं. शेतकऱ्याच्या पट्टीतून कापलेली हमाली आणि तोलाई ही पेढीची कमाई नव्हे, ती पुढे ज्याची त्याला द्यायची. हे मला पुस्तकातून कधीच कळलं नसतं. पासबुकात जी रक्कम जमा दिसते ती आपल्या वहीत बँकेच्या नावे पडते, यावर तर मी तीन दिवस भांडले होते.

आताच्या नव्या योजनेत ती अट गेली. नाव नोंदवायचं, आठ महिने अभ्यास करायचा आणि परीक्षेला बसायचं. इंटरचे दोन्ही ग्रुप, म्हणजे पेपरांचे दोन्ही गट, सुटल्यावर आर्टिकलशिप, तीही तीनऐवजी दोन वर्षांची. वेळ वाचला, पण पदवीवाल्याच्या पायाखालची फळीही निघाली. कीर्द, खतावणी, तेरीज (ट्रायल बॅलन्स), घसारा, बँक जुळवणी (आपली वही पासबुकाशी ताडून पाहणं) हे सगळं फाउंडेशनच्या अकाउंटिंगमध्ये येतं. थेट प्रवेशवाला नेमकी तीच पायरी उडी मारून ओलांडतो आणि इंटरचा पहिलाच पेपर समोर येतो, ॲडव्हान्स्ड अकाउंटिंग. सूट परीक्षेपासून मिळते, विषयापासून नाही. म्हणून सर्वात जड काम हे: फी भरण्याआधी फाउंडेशनचं अकाउंटिंगचं पुस्तक पूर्ण सोडवायचं. ते सीएच्या संस्थेच्या (आयसीएआय) संकेतस्थळावर फुकट आहे. वाचायचं नाही, सोडवायचं. वहीवर, पेनाने. एका लहान दुकानाची तेरीज कुणाचीही मदत न घेता जुळली आणि तिच्यावरून ताळेबंद उभा राहिला, की पुढच्या गोष्टीला हात घाला. दीड-दोन महिने पुरतात. त्या दोन महिन्यांत तुम्हाला विषयाचा कंटाळा आला, तर निदान पैसे तरी वाचले.

त्यासोबत कुठल्या तरी ऑफिसात बसायला मिळतंय का बघा, पगाराची अपेक्षा न ठेवता. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा क्लास त्याच्या आधी लावू नका. नोंद कुठे आणि का पडते हे कळण्याआधी टॅली शिकलेला माणूस चुका फक्त जास्त वेगाने करतो.

मग कुठली परीक्षा, हा प्रश्न. तो ‘सर्वात चांगली कुठली’ असा विचारू नका, ‘मला रोज कुठे बसायचंय’ असा विचारा. कंपन्यांच्या ताळेबंदावर वैधानिक लेखापरीक्षक म्हणून सही करायची असेल, स्वतःची प्रॅक्टिस काढायची असेल, तर सीए. त्या सहीला दुसरा रस्ता नाही. कारखान्यात बसून एका पोत्याला, एका पंपाला, एका लिटर दुधाला खर्च किती आला हे काढण्यात रस असेल तर सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटची परीक्षा, बघा. किर्लोस्करवाडीपासून भिलवडीपर्यंत आपल्याकडे उत्पादनाचं काम कमी नाही, आणि साखर कारखाना तर दर दहा मैलांवर. सीएमएच्या इंटरला कुठल्याही पदवीवर थेट प्रवेश मिळतो, 60 टक्क्यांची अट नाही. इंटरला आठ पेपर, फायनलला आठ, परीक्षा जून आणि डिसेंबरला, प्रशिक्षण पंधरा महिन्यांचं. आणि एक आडवाट: सीएमएची इंटर पास झालेल्यालाही सीएच्या इंटरला थेट प्रवेश मिळतो. म्हणजे टक्के कमी पडले म्हणून दार कायमचं बंद होत नाही. बी.एस्सी.वाल्यांना सीएमए मनापासून आवडताना मी पाहिलंय. प्रयोगशाळेतला हिशेबीपणा तिथे कामी येतो.

एसीसीए या ब्रिटनमधल्या संस्थेच्या परीक्षेची जाहिरात हल्ली फार दिसते. तेरा पेपर, त्यांतल्या नऊपर्यंत सूट, असं सांगतात. सूट मिळते ती हिशेबाचं आधी काही शिकलेल्याला. वनस्पतिशास्त्राच्या पदवीवर फारशी आशा धरू नका. फी पौंडांत, वर तीन वर्षांचा अनुभव. परदेशात किंवा पुण्या-मुंबईतल्या परदेशी कंपन्यांच्या कामात जायचं पक्कं असेल तर ठीक. भारतात वैधानिक ऑडिटवर सही करायचा अधिकार त्यातून मिळत नाही, हे समुपदेशक फोनवर आपणहून सांगत नाहीत. विचारा.

आता ज्या परीक्षेचं नाव क्लासवाले घेत नाहीत ती: जीडीसी अँड ए. सहकार खात्याची शासकीय पदविका, कुठलीही पदवी चालते, सहा पेपर, साधारण मे अखेरीस परीक्षा, आणि उत्तरं मराठीत लिहिता येतात. सीएला इंग्रजी किंवा हिंदी, मराठी नाही. पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था, नागरी बँका यांच्या जिल्ह्यात राहून ही परीक्षा दुर्लक्षित राहते याचं मला नवल वाटतं. ती सीएला पर्याय नाही आणि तिचा आवाकाही तेवढा नाही. पण गाव सोडायचं नसेल, शेती सांभाळायची असेल, आणि पुढे अनुभव जोडून सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात शिरायचं असेल, तर ती नक्की विचारात घ्या. सीएच्या दोन प्रयत्नांच्या मधल्या काळातही ती देता येते, काही अभ्यास सामाईक निघतो.

पैशांचं घरी एकदा स्पष्ट बोलून घ्या. फी हा त्यातला लहान भाग. मोठा भाग म्हणजे न मिळवलेला पगार. तुमच्या वर्गातले पंचविसाव्या वर्षी कमवायला लागतील आणि तुम्ही विद्यावेतनावर असाल. आर्टिकलचं किमान विद्यावेतन शहराच्या लोकसंख्येवर ठरतं, आणि सांगली म्हणजे पुणे नव्हे. पण राहायचा-जेवायचा खर्च घरचा असतो, हेही हिशेबात धरा. आईला ‘तीन वर्षांत होईल’ असं सांगू नका. सीएला पेपरात 40 आणि ग्रुपला सरासरी 50 लागते. प्रत्येक पेपरात 45 मिळवूनही नापास होता येतं. ‘पाच धर’ असं सांगा. एखाद्या पेपरात 60 पडले तर तो पेपर पुढच्या प्रयत्नांत पुन्हा द्यावा लागत नाही, तेवढाच दिलासा.

कागदपत्रांत सर्वात जास्त वेळ नावाला जातो. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पदवीवर शेवटी आईचं नाव जोडलेलं, आणि लग्न झालेलं असेल तर आडनावच वेगळं. नोंदणीआधी हे सगळं शेजारी ठेवून अक्षर न अक्षर तपासा. ‘ऱ्हस्व-दीर्घ काय चालतंय’ असं म्हणू नका. दुरुस्ती लागली तर आधी आधारची करा. तारखेचं गणितही इथेच मांडा: सीए इंटरची सप्टेंबरची परीक्षा हवी असेल तर आठ महिने मागे मोजून नोंदणी डिसेंबरअखेर झालेली हवी.

राहिलं ऑफिस गाठायचं काम. जुलै ते सप्टेंबरअखेर कुठल्याही सीएच्या दारात जाऊ नका. रिटर्न आणि टॅक्स ऑडिटच्या धांदलीत चांगला माणूससुद्धा वसकन अंगावर येतो. दिवाळी होऊ द्या, वह्यांची पूजा होऊ द्या, मग सकाळी अकराच्या सुमारास जा. सांगलीत आणि साताऱ्यात दोन्हीकडे सीएच्या संस्थेची शाखा आहे, तिथेही चौकशी करा. ‘शिकायला ठेवता का’ असं मोघम विचारू नका. ‘दोन महिने पावत्या लावीन, बँक जुळवणी करीन’ असं सांगा. पिशवीत बारा आकडी साधा कॅल्क्युलेटर असू द्या. परीक्षेतही तोच चालतो, आणि माझ्या साहेबांनी पहिल्या दिवशी मला नाव विचारण्याआधी तोच विचारला होता.