डांबर जिथे संपतं, तिकडे सायकल वळवा: पनवेलजवळचं गाढी खोरं

नवी मुंबईत गुळगुळीत रस्त्यांना तोटा नाही. पाम बीच रोडवर सायकल झकास पळते, पण सगळं लक्ष मागून येणाऱ्या गाड्यांच्या आवाजाकडे. रिकामा रस्ता हवा असेल तर त्याची एकच खूण लक्षात ठेवा: पुढे कुठेच न जाणारा रस्ता शोधा. दोन शहरं जोडणाऱ्या रस्त्यावर कंटेनर, डंपर, शॉर्टकट मारणारे असे सगळेच येतात. डोंगराच्या पायथ्याशी संपणाऱ्या रस्त्यावर फक्त तिथे राहणारे येतात आणि फार्महाऊसवर मजा करायला जाणारे. या दुसऱ्या मंडळींना जाग उशिरा येते, हेच आपलं भांडवल.

ठाणेकरांना याच तत्त्वावर येऊरचा डोंगररस्ता सापडलेला आहे. पण तो चढ छोटा आणि खडा, नवशिक्याचा दम काढणारा. नदीच्या खोऱ्यातला रस्ता त्यापेक्षा सभ्य. आपल्याकडे त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे पनवेलचं गाढी खोरं. गाढी माथेरानच्या डोंगरात उगम पावते आणि पनवेलच्या खाडीला मिळते. सुकापूर, नेरे, वाजे, मालडुंगे करत तुम्ही आत शिरता, तेव्हा डाव्या हाताला चंदेरी-म्हैसमाळची रांग, उजवीकडे प्रबळगड आणि समोर माथेरानचं पठार असतं. तीन बाजू बंद. धोदाणी गावाच्या पुढे माथेरानला जायचं तर पायवाटच; गाडीरस्ता आहे तो पलीकडून, नेरळहून. म्हणून इथे आरपार जाणारी वाहतूकच नाही.

आधी वेळ ठरवा, मग वार

थंडीत उजाडता उजाडता नेऱ्याच्या पुढे असाल असं बघा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो, आणि समोर माथेरानचा डोंगर आडवा असल्याने खोऱ्यात ऊन त्याहून उशिरा उतरतं. डोळ्यांवर तिरीप येत नाही, हा फायदा. नदीकाठी धुकं साचतं, हा तोटा. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, दोन्ही चालू हवेत. उजाडलं म्हणून लगेच बंद करू नका.

लवकर निघण्याचं दुसरं कारण वारा. हिवाळी सकाळी वारा बहुधा डोंगराकडून, म्हणजे पूर्वेकडून असतो, तोही मंद. ऊन चढलं की समुद्राकडून पश्चिमेचा वारा सुरू होतो आणि दुपारपर्यंत चांगलाच जोर धरतो. साडेनऊ-दहाला परतलात तर उतार तुमचा आणि वारा विरोधात नाही. बारा वाजवलेत तर उतारावरही पॅडल मारत यावं लागतं, वर डोक्यावर ऊन.

वाराचं म्हणाल तर सोमवार ते शुक्रवार उत्तम. रविवारीही सकाळी आठ-साडेआठपर्यंत हरकत नाही, त्यानंतर गाड्यांची रांग वर येऊ लागते. शनिवारी संध्याकाळी मात्र चुकूनही नको.

पोचायचं कसं

खारघर-कामोठ्याहून येणाऱ्यांनी कळंबोली सर्कल टाळावं, खांदेश्वर आणि नवीन पनवेलच्या आतल्या रस्त्यांनी सुकापूर गाठावं. एक्सप्रेस वेवर सायकलला बंदी आहेच. वाशी-नेरूळकरांनी सरळ सायकल गाडीत टाकून आणावी. हायवेवर जीव मुठीत धरून केलेले किलोमीटर कुणी मोजत नाही. सुकापूरपर्यंत इमारती, रिक्षा, दूधवाले, शाळेच्या बस असं सगळं लागतं. नेरे मागे पडलं की फरक कळतो. नवीन पनवेलहून जाऊन-येऊन साधारण तीसेक किलोमीटर धरून चला.

सायकल आणि हवा

या रस्त्याला महागडी सायकल लागत नाही. गिअरची हायब्रिड, म्हणजे रोड बाईक आणि माउंटन बाईकच्या मधली सायकल, सगळ्यात बरी. रोड बाईक असेल तर २८ मिमीपेक्षा बारीक टायर नको, कारण आतल्या डांबराला पावसाळ्यानंतर ठिगळं असतात. ३५ मिमीच्या टायरला ५० ते ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरे. दगडासारखी टणक हवा भरली की प्रत्येक खडी मनगटात जाणवते.

पंक्चर किट, एक जादा ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर आणि छोटा पंप, एवढं जवळ हवंच. इथे एक बारकावा. तुमच्या ट्यूबचा वॉल्व्ह बारीक, लांब, टोकाला चिमुकलं पितळी बोंड असलेला, म्हणजे प्रेस्टा असेल, तर गावातल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं नोझल त्यावर बसतच नाही. तो बिचारा इकडून तिकडून दाबून बघतो आणि होती ती हवाही जाते. त्यासाठी पितळी अडॅप्टर मिळतो, नखाएवढा. तो वॉल्व्हवरच फिरवून ठेवा, म्हणजे घरी राहणार नाही.

खोऱ्यातला चढ कसा चढायचा

नदीच्या उगमाकडे जाणारा रस्ता चढतोय हे डोळ्यांना कळत नाही, मांड्यांना कळतं. सपाट दिसणाऱ्या रस्त्यावर वेग पडला की लोक ब्रेक घासतोय का बघायला उतरतात. ब्रेक ठीक असतो, रस्ताच चढाचा असतो. अशा वेळी जोर लावू नका, गिअर एक पायरी हलका करा आणि मिनिटाला ७५-८० फेऱ्या पाय फिरत राहतील असं बघा. बोलताना धाप लागली तर आणखी हलका.

खरी गंमत ओढ्यांपाशी. डोंगरातून येणारा प्रत्येक ओढा रस्त्याला आडवा येतो. तिथे रस्ता मोरीकडे, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाकडे, उतरतो आणि लगेच उभा चढतो. बहुतेक जण चढ सुरू झाल्यावर गिअर बदलतात, तेव्हा चेनवर पूर्ण ताण असतो. ती कडकड करते, कधी उतरतेही. उतरतानाच, पाय सैल असताना हलका गिअर टाका. मोरीच्या अगदी तळाशी पावसाने वाहून आणलेली बारीक खडी आणि रेती साचलेली असते, म्हणून तिथे ब्रेक नाही आणि वळणही नाही. वेग कमी करायचा तो आधीच, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबून.

रस्त्यावर गाड्या नसल्या तरी बाकी सगळं असतं

दिवाळीच्या आगेमागे भाताची कापणी होते आणि पेंढा रस्त्यावर पसरलेला दिसतो. त्यावरून सायकल घसरते आणि काड्या मागच्या डिरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत, गुंततात. उतरून, हातात धरून न्या. शेतकऱ्याच्या भातावरून चाक नेण्यापेक्षा ते शोभूनही दिसतं. म्हशी समोरून आल्या तर त्यांचा रस्ता त्यांना द्या. घंटी वाजवून म्हैस हलत नाही, गुराख्याला "काका, कुठून काढू?" विचारलं की तो काठीने वाट करून देतो.

कुत्री वेगाच्या मागे लागतात. पळवून नेण्याचा मोह आवरा. थांबा, खाली उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवा आणि चालू लागा. बहुतेकांचा उत्साह तिथेच संपतो.

वाटेत ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. मे महिन्यात मावश्या पानांच्या द्रोणात करवंदं, जांभळं घेऊन बसतात. सुटे पैसे ठेवा, घासाघीस नको. पाणी मात्र घरून दोन बाटल्या घेऊनच निघा.

पावसाळा

सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात गर्दीचा काळ. पनवेलला पाणी पुरवणारं देहरंग धरण, ज्याला सगळे गाढेश्वर म्हणतात, तिथे पावसाळ्यात पर्यटकांना बंदीचे आदेश निघतात. निघण्यापूर्वी चौकशी करा आणि बंदी असेल तर नेऱ्यावरूनच परत फिरा. डोंगरात ढग अडला की खाली ऊन असतानाही ओढ्याला लोंढा येतो. साकवावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं दिसत असलं तरी सायकल घालायची नाही. पाणी ओसरायची वाट बघायची, नाहीतर माघारी. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा उतारावर अंतर दुप्पट धरा.

पावसातून घरी आल्यावर चेन आधी कोरड्या फडक्याने पुसा, मग तेलाचे थेंब सोडा. उलटं केलंत तर तेलात चिखल कालवला जातो आणि पुढच्या खेपेला चेन करकरते. तेल सोडून पॅडल उलटं फिरवा, वरचं जादा तेल पुसून टाका.