गच्चीतल्या भाज्या: या चुका टाळा, निदान पाण्याची तरी

होळी झाली की माझ्या फोनवर एकच फोटो यायला लागतो. मान टाकलेलं टोमॅटोचं झाड, कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी, आणि खाली प्रश्न: "काकू, दिवसातून तीनदा पाणी घालते, तरी असं का?" अगं, तीनदा घालतेस म्हणूनच.

पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी वांगं, टोमॅटो, दुधी, भोपळा सगळेच माना टाकतात. मुळं जेवढं पाणी ओढतात त्याहून जास्त पानांतून उडून जातं, एवढंच. माती ओली असली तरी हे होतं. ऊन उतरलं की सहा-साडेसहाला झाड आपलं आपण ताठ होतं. पण तोवर धीर कोणाला? भर दुपारी बादली घेऊन धावायचं.

मीही धावलेय. पहिल्या वर्षी सहकारनगरच्या गच्चीवर दहा वांगी लावली होती. गच्चीवर भार नको म्हणून नर्सरीवाल्याच्या सांगण्यावरून सात कुंड्यांत अर्ध्याहून जास्त कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलं. कोकोपीट वरून पार सुकलेलं दिसतं आणि खाली चिंब असतं, हे मला कोण सांगणार! मी आपली वरचा रंग बघून पाणी घालत राहिले. एप्रिलमध्ये ती झाडं संध्याकाळीही उठेनात. मग मी काय केलं असेल? आणखी पाणी. शेवटी एक झाड उपटलं तर मुळं तपकिरी, बोटांत धरली की वरची साल निसटून हातात येत होती, आणि वास गटाराचा. सातही गेली. वाचली ती तीन, जी जागा पुरली नाही म्हणून तेलाच्या जुन्या डब्यांत लावली होती. डब्यांचं बूड गंजून चाळण झालेलं, त्यामुळे माझं लाडाचं पाणी खालून वाहून जात होतं.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक कुंडीत खराट्याचा एक हीर खोचलेला असतो. सकाळी तो ओढून बघायचा. ओलसर माती चिकटून आली तर पाणी नाही. कोरडा आला तर खालून वाहीपर्यंत, सावकाश. एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी पुन्हा एकदा हीर बघते. कुंडीखालच्या ताटल्या मी कधीच भंगारात दिल्या. मातीवर रसवंतीवाल्याकडची चिपाडं चांगली कडक वाळवून पसरते. ओली टाकलीत तर मुंग्यांची जत्रा भरेल. ओलावा मोजायचं यंत्र मिळतं म्हणे. घ्या बापडे, पैसे वर आले असतील तर.

टोमॅटोची फुलं गळतात म्हणून टॉनिक फवारणाऱ्यांसाठी: पारा ३५ अंशांच्या पुढे गेला की परागकण निकामी व्हायला लागतात, बाटलीतलं काहीही त्याला उपयोगाचं नाही. गणपतीच्या सुमारास बी टाका, पाऊस ओसरला की रोपं मोठ्या कुंडीत हलवा, थंडीत टोमॅटो खा. उन्हाळा भेंडी-गवारीचा. भेंडीही कोवळी असताना रोज काढा, 'जरा मोठी होऊ दे' म्हणालात की लाकूड.

टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडला की लोक अंड्याची टरफलं चुरून घालतात. ती कुजून झाडाच्या कामी यायला महिने जातात, तोवर हंगाम संपतो. फळाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून तो डाग पडतो, आणि ते बहुतेक वेळा एक दिवस कोरडं, एक दिवस पूर अशा पाण्यामुळे. पुन्हा पाणीच.

ताजं शेण कुंडीत नको. धने अख्खे पेरू नका, हलके रगडून दोन डाळिंब्या करा. नीमतेल उन्हात फवारलंत तर पानं भाजतील, संध्याकाळी फवारा.

मिरचीची पानं चुरडली की औषध विचारण्याआधी पान उलटून बघा. कडा वर वळून होडी झाली असेल तर बहुधा फुलकिडे, खाली वळल्या असतील तर कोळी, म्हणजे जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारी अगदी बारीक कीड. कोळ्यांना मी आधी पानाखालून पाण्याचा जोरदार फवारा देते. सगळं झाड खुरटून पानं बारीक, पिवळट झाली आणि पांढरी माशी उडत असेल तर तो विषाणू. उपटा. नऊ महिने वाढवलंय म्हणून जीव होत नाही, कळतं मला, पण शेजारच्या कुंड्याही जातील.

आता दुधी. "फुलं खूप, दुधी एकही नाही." पहिले काही दिवस नुसती नर फुलंच येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मादी फुलामागे बोटभर दुधी दिसतो. तोही पिवळा पडून गळत असेल तर परागीभवन होत नाहीये. मी एका पावसाळ्यात रोज सकाळचा चहा झाला की आठ वाजता ब्रश घेऊन फुलं जुळवत होते. अकरा दुधी गळले. मंडईत माझ्या नेहमीच्या भाजीवालीला गाऱ्हाणं सांगितलं तर ती हसलीच. "अवो ताई, दुधी सांजच्याला फुलतोय. सकाळी काय ऱ्हातंय त्यात?" खरंच की! ते पांढरं फूल पतंगांसाठी तिन्हीसांजेला उघडतं. दोडक्याचंही तसंच. घोसाळं, कारलं, काकडी, भोपळा मात्र सकाळचे.

आणि हो, ते वेलाचे शेंडे खुडून फांद्यांना फांद्या, अशी तिसरी पिढी आणायचं '३जी कटिंग' दहा इंची कुंडीतल्या वेलावर करू नका. फांद्या फुटतील, पण त्यांना खायला काय घालणार? दुधीला मी पन्नास लिटरचा ड्रम देते. सातच्या सुमारास पायाला ओडोमॉस चोपडून टॉर्च घेऊन गच्चीवर जाते आणि ताजं नर फूल खुडून मादीवर टेकवते. ब्रशबिश काही लागत नाही. समोरच्या इमारतीतले लोक बघतात, बघू देत.