गाडी ‘फास्ट’ ठरवताना या चुका टाळा

‘शून्य ते शंभर किती सेकंदांत?’ गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच, आणि बरेच जण तिथेच थांबतात. मला याचा खरंच वीट आलाय. तो आकडा बराचसा पहिल्या काही मीटरांतच ठरतो: टायर किती पकडतात, ताकद चारही चाकांना जाते की दोनच, लाँच कंट्रोल (चाकं न घसरता झटक्यात सुटायला मदत करणारी यंत्रणा) आहे का. इलेक्ट्रिक गाड्या इथे बाजी मारतात, कारण मोटरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, सुरुवातीपासूनच पुरा मिळतो आणि गिअर बदलण्यात वेळ जात नाही.

शिवाय वेळ मोजली कशी, हे कोणी बघतच नाही. अमेरिकेत रूढ असलेल्या पद्धतीत गाडी साधारण ३० सेंटीमीटर सरकल्यावर घड्याळ सुरू होतं. टेस्ला मॉडेल एस प्लेडचे गाजलेले १.९९ सेकंद असेच मोजलेले आहेत, आणि तेही शून्य ते ६० मैलांचे, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटरचे. मी ८० ते १२० ला लागणारा वेळ बघतो. ओव्हरटेक करताना तोच कामाला येतो.

दुसरा गैरसमज म्हणजे हॉर्सपॉवर वाढली की टॉप स्पीड त्याच हिशेबाने वाढतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद घनाने. १९९८ मध्ये मॅक्लारेन एफ१ ने ६२७ हॉर्सपॉवरवर ताशी ३८६ किलोमीटर गाठले. २००५ च्या बुगाटी वेरॉनचे १००१ हॉर्सपॉवर आणि ४०७ किलोमीटर. पावणेचारशे घोडे जास्त, वाढ जेमतेम २१ किलोमीटरची!

स्पीडोमीटरचा फोटो पुरावा म्हणून धरू नका, तो सहसा खऱ्यापेक्षा जास्तच दाखवतो. टायर किती वेगापर्यंत चालतो हे सांगणारं त्यावरचं अक्षरही वाचा: एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०.

आता सगळ्यात घातक चूक: आधी ताकद वाढवायची, ब्रेकचं नंतर बघू. माझ्या एका मित्राने टर्बो पेट्रोल गाडी रीमॅप केली, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली, आणि आठवड्याभरात ट्रॅकवर आणली. मी शेजारी बसलो होतो. दोन लॅप झकास झाले. तिसऱ्यात लांब सरळ पट्टा संपताना त्याने ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं. त्याने धडाधड पंप केलं, थोडं प्रेशर आलं, पण गाडी वळणाबाहेर खडीत जाऊन रुतली. दोघंही धडधाकट बाहेर आलो, पण माझे हात कितीतरी वेळ थरथरत होते.

नंतर ब्रेक ऑइल काढलं तर चहासारखं काळपट. चार वर्षांत बदललेलंच नव्हतं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय नुसता वाफ दाबत राहतो. त्यात वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते, मग रीमॅपचा सगळा भार शेवटी कुठे येतो ते बघा.

घाईने रीमॅप करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ब्रेक ऑइल कधी बदललं ते विचारतो. माझं दरवर्षी बदलतो, ट्रॅकवर जायचं असेल तर त्याआधी पुन्हा, आणि पॅडची जाडी स्वतः बघतो. ट्रॅकवरचा शेवटचा लॅप शक्यतो ब्रेकला पाय न लावता, हळू, म्हणजे ब्रेक थंड होतात. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढत नाही, गिअरमध्ये ठेवतो, कारण तापलेले पॅड डिस्कला चिकटून बसतात.