आसामचा प्रवास: महिना आधी ठरवा, तिकिटे नंतर

आसाममध्ये चहाचे मळे, काझीरंगा आणि कामाख्या देवीचे दर्शन एकाच प्रवासात साधायचे असेल, तर सर्वप्रथम महिना नीट निवडावा. पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेचे पाणी काझीरंगात शिरते, त्यामुळे तेथील सफारी साधारणपणे मे महिन्यापासून पावसाळा संपेपर्यंत बंद असते; उलट डिसेंबर ते फेब्रुवारीत गेंडे सहज दिसतात, पण मळ्यांमध्ये छाटणी झालेली असल्याने पानखुडणी पाहायला मिळत नाही. दोन्ही हवे असेल तर मार्चअखेर ते एप्रिल किंवा नोव्हेंबर हाच काळ माझ्या मते उत्तम. त्यातही कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास गेल्यास माजुली बेटावरील सत्रांमधला, म्हणजे वैष्णव मठांमधला, रासोत्सव पाहता येतो, आणि तो चुकवू नये असाच असतो. जूनमध्ये अंबुबाची मेळ्याच्या वेळी कामाख्येचे मंदिर तीन दिवस बंद असते व गुवाहाटीत प्रचंड गर्दी होते, हेही ध्यानात ठेवावे.

दिवसाची आखणी मुंबई-पुण्याच्या घड्याळाने करू नये. डिसेंबरमध्ये गुवाहाटीत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणूनच अनेक मळ्यांत भारतीय प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असलेली ‘बागान वेळ’ पाळली जाते. मळ्यात भेटीची वेळ ठरवताना ती कोणत्या घड्याळाप्रमाणे आहे, हे आवर्जून विचारावे. जोरहाटजवळच्या निमाती घाटावर माजुलीच्या बोटीसाठी सकाळीच पोहोचावे आणि परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ उतरल्याबरोबर घाटावरच विचारून घ्यावी.