सरकत्या दाराशेजारची भिंत पुन्हा पुन्हा का सोलते?

बाल्कनीच्या सरकत्या दाराशेजारी जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत पोपडे निघाले की आपण रंगाऱ्याला बोलावतो आणि दार अडकू लागले की ॲल्युमिनियमच्या कारागिराला. मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीतल्या सदनिकांत मात्र या दोन्ही तक्रारींचे मूळ पुष्कळदा एकाच जागी, म्हणजे दाराच्या खालच्या ट्रॅकमध्ये, असते. आमच्या घरी दोनदा पुट्टी करून झाल्यावर हे ध्यानात आले, म्हणून भिंत खरवडण्याआधी ट्रॅक तपासावा, असा माझा आग्रह आहे.

ट्रॅकमधली माती जुन्या टूथब्रशने मोकळी करून काढावी. चौकटीच्या बाहेरच्या अंगाला पाणी निघून जाण्यासाठी लहान आडवी भोके ठेवलेली असतात. ट्रॅकच्या सर्वांत बाहेरच्या गाळ्यात, म्हणजे खाचेत, तांब्याभर पाणी हळूहळू ओतावे. ते बाहेर न पडता साचून राहिले, तर भोके बुजलेली आहेत असे समजावे. नूतनीकरणानंतर हे हमखास घडते, कारण बाल्कनीतली जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवी चिकटवली जाते, पातळी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने चढते आणि भोके फरशीआड जातात. मग पावसाचे पाणी चौकटीखालून आत शिरते व शेजारच्या गिलाव्यात चढते. अशा वेळी दाराला लागून असलेली फरशीची ओळ काढून ती खालच्या पातळीवर, बाहेरच्या बाजूला दर मीटरमागे सुमारे 10 मिलिमीटर ढाळ देऊन बसवणे हाच खरा उपाय आहे. पाणी आत येते म्हणून त्याच भोकांत सिलिकॉन भरणारे कारागीरही भेटतात. त्यांना वेळीच थांबवावे.

पाण्याची वाट मोकळी झाली तरी भिंत लगेच सुकत नाही. सैल पुट्टी खरवडून, गिलावा बोटाच्या पेराने वाजवून पाहावा. जिथे पोकळ आवाज येतो तिथला गिलावा विटेपर्यंत काढावा. पांढरा क्षार दिसल्यास तो कोरड्या ब्रशने झाडावा. पाण्याने धुतल्यास तो विरघळून पुन्हा भिंतीत मुरतो. त्यानंतर दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर 24 तास ठेवावा. आतल्या बाजूला थेंब जमले, तर भिंतीत अजून ओल आहे आणि पुट्टीची घाई करण्यात अर्थ नाही. सिमेंटचा नवा गिलावा किमान 7 दिवस पाणी मारून ओला ठेवावा आणि रंगकामाआधी सुमारे 28 दिवस जाऊ द्यावेत. या कोपऱ्यात जिप्समचा गिलावा किंवा पीओपी वापरू नये, कारण ओल लागली की दोन्ही मऊ पडतात. पुट्टी पांढऱ्या सिमेंटची घ्यावी आणि तिचे दोन पातळ हात द्यावेत. दोन्ही मिळून जाडी साधारण दीड मिलिमीटरच्या आत राहावी. भिंतीतला खड्डा पुट्टीने भरणे ही रंगाऱ्याची सोय असते, खड्डा मुळात गिलाव्याने भरायचा असतो.

आता दार. चौकटीचे दोन्ही कर्ण फीत लावून मोजावेत. त्यांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असल्यास चौकटच तिरकी बसली आहे आणि चाके बदलून काही साधणार नाही. कर्ण जुळत असतील, तर शटरच्या, म्हणजे दाराच्या सरकत्या काचेच्या पल्ल्याच्या, खालच्या टोकांजवळ, बहुधा लहान टोपणाआड, चाकाची उंची बदलणारा स्क्रू सापडतो. दुसऱ्या माणसाने शटर किंचित उचलून धरावे आणि आपण तो अर्धा-अर्धा फेरा फिरवून कोणत्या दिशेने शटर वर येते ते पाहावे. शटर काढायचेच झाल्यास दोघांनी धरून ते वरच्या गाळ्यात उचलावे आणि खालची बाजू आत ओढावी. काच जड असते, हे काम एकट्याने करू नये. चाक एका बाजूने चपटे झाले असेल, तर तसलेच नवे घालावे. ट्रॅकमध्ये तेल किंवा ग्रीस घातल्यास धूळ चिकटून महिन्याभरात दार पुन्हा अडकते, म्हणून सिलिकॉनचा फवारा पुरेसा मानावा.

चौकट आणि भिंत यांच्यात पाच-सहा मिलिमीटरची फट राखून पुट्टी तिथेच थांबवावी. ही फट बाहेरून न्यूट्रल (व्हिनेगरसारखा वास न येणाऱ्या) सिलिकॉनने आणि आतून ॲक्रिलिक सीलंटने भरावी. सिलिकॉनवर रंग धरत नाही, ॲक्रिलिकवर धरतो. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारे सिलिकॉन सिमेंटला लागून वापरू नये.

गिलाव्याचे काम सुरू होण्यापूर्वी ॲल्युमिनियमला चिकटपट्टी लावून घ्यावी, कारण ओल्या सिमेंटचे डाग त्यावरून जात नाहीत. काम संपल्यावर फरशी ॲसिडने धुण्याची पद्धत आहे. ते पाणी ट्रॅकमध्ये गेले तर नवी चाके आणि चौकट दोन्ही खराब होतात, म्हणून शटर सर्वांत शेवटी, धुणे आटोपल्यावरच चढवावीत.