बॉयलर सूटच्या खिशातला ओकाम्पो: कुठून सुरू करावा, कसा वाचावा

फिलिपिनो इतिहासकार अँबेथ ओकाम्पो वाचायचा ठरवला असेल तर व्याख्यानांच्या पुस्तकापासून सुरुवात करू नका. मी तीच चूक केली. मनिलात जहाज लागलं होतं, मॉलमध्ये दोन तास हातात होते, आणि शेल्फवर 'मीनिंग अँड हिस्टरी' दिसलं. फिलिपिन्सचा राष्ट्रपुरुष रिसाल याच्यावरची व्याख्यानं. नाव भारदस्त, म्हटलं घेऊया. मलाक्काची सामुद्रधुनी आली तरी मी विसाव्या पानावर. पुस्तकात दोष नव्हता. ज्या माणसाबद्दल एवढी चिकित्सा चालली होती, तो कोण हेच मला धड ठाऊक नव्हतं.

मी दापोलीचा, जहाजावर सेकंड इंजिनिअर. इतक्या वर्षांत एकही जहाज असं मिळालं नाही की ज्यावर फिलिपिनो माणूस नव्हता. बोसन, म्हणजे डेकवरचा मुकादम, त्यांचा, फिटर त्यांचा, ऑइलर त्यांचा, कुक तर हमखास. सहा-सहा महिने त्यांच्या ताटाला ताट लावून जेवायचं, चिंचेचं सिनिगांग आपल्या साराच्या आठवणीने ओरपायचं, शनिवारी रात्री कराओके सोसायचं, आणि त्यांच्या देशाबद्दल माहिती शून्य. एकदा फिटर म्हणाला, "सर, तुम्ही तुमच्या शिवाजी महाराजांबद्दल तासभर बोलता. आमचा एक तरी माणूस तुम्हाला माहीत आहे का?" मी पटकन एका बॉक्सरचं नाव घेतलं, "मॅनी पॅक्विआओ." सगळी मेस हसली. मी पण हसलो, पण कान गरम झाले होते.

तेव्हा पहिलं काम: पुस्तक उघडण्याआधी एका कागदावर आठ-दहा तारखा लिहून काढा. मी ती चिठ्ठी केबिनमध्ये आरशाला चिकटवली होती. १८७२, गोमेस, बुर्गोस आणि सामोरा या तीन पाद्र्यांना तेव्हाच्या स्पॅनिश सत्तेने मनिलात गारोतने, म्हणजे गळा आवळून, मारलं. १८८७, होसे रिसालची 'नोली मे तांगेरे' ही कादंबरी बर्लिनला छापली गेली. १८९१, तिचा पुढचा भाग 'एल फिलिबुस्तेरिस्मो' बेल्जियममधल्या गेंटला. १८९२, आंद्रेस बोनिफासियो आणि साथीदारांनी कातिपुनान ही गुप्त संघटना काढली. ३० डिसेंबर १८९६, रिसालला गोळ्या घातल्या. १० मे १८९७, बोनिफासियोला मारलं, आणि ते स्पॅनिश लोकांनी नाही, क्रांतीचाच दुसरा नेता आगिनाल्दो याच्या माणसांनी. १२ जून १८९८, आगिनाल्दोने स्वातंत्र्य जाहीर केलं. १८९९, अमेरिकेशी युद्ध. एवढं पुरे. ओकाम्पो हे सगळं वाचकाला माहीत आहे असं धरूनच लिहितो, कारण त्याचा वाचक फिलिपिनो आहे आणि त्या वाचकाने हे शाळेत घोकलेलं आहे. १९५६ पासून तिथे कायदाच आहे की रिसालचं चरित्र आणि त्याच्या कादंबऱ्या शिकवायच्याच. आमचा ऑइलर नोलीचं नाव काढलं की असा चेहरा करतो, जसा आपण दहावीच्या सनावळ्या आठवून करतो.

उच्चाराचंही आताच सांगतो. 'रिझाल' म्हटलंत तर कुणी मारणार नाही, पण ते लोक 'रिसाल' म्हणतात, जोर शेवटी.

आता पहिलं पुस्तक. ओकाम्पो मुळात वर्तमानपत्रात लिहिणारा माणूस. 'लुकिंग बॅक' हे त्याचं सदर, 'फिलिपाइन डेली इन्क्वायरर'मधलं, आणि १९९० साली त्याच नावाने पहिला संग्रह आला. पुढे त्याच नावाची छोट्या आकाराच्या पुस्तकांची मालिकाच निघाली. तिथून सुरू करा. ही पुस्तकं खरोखर बॉयलर सूटच्या मांडीवरच्या खिशात मावतात. लेख तीन-चार पानांचा. प्युरिफायर, म्हणजे तेल शुद्ध करायचं यंत्र, सुरू करून तो स्थिर व्हायची वाट बघायची, तेवढ्यात एक लेख होतो. मालिका क्रमाने वाचायची गरज नाही, हाताला लागेल ते घ्या. मला 'डेथ बाय गारोत' आधी मिळालं, मग 'चुलालाँगकॉर्न्स एलिफंट्स', जे फिलिपिन्सला आशियाच्या इतिहासात ठेवून बघतं. सयामच्या राजाने भेट दिलेला ब्राँझचा हत्ती सिंगापूरला मी कितीदा पाहिला होता, त्याखालचं एक अक्षर न वाचता.

दिवसाला दोन लेखांच्या वर वाचू नका. सदराचे लेख सलग वाचले की त्यांची चव एकसारखी लागायला लागते. शिवाय जुने लेख नव्या संग्रहात पुन्हा भेटतात, त्यामुळे पाच पुस्तकं एकदम घेतलीत तर दुकानदाराला शिव्या घालाल. दोन घ्या, संपवा, मग पुढची.

दोन-तीन छोटी पुस्तकं झाली की मुख्य पुस्तकाकडे या: 'रिसाल विदाउट द ओव्हरकोट', १९९०. नाव कळायला मनिलाच्या लुनेता बागेत एकदा उभं राहायला हवं. एप्रिलचं ऊन, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि समोर ब्राँझचा रिसाल युरोपातल्या हिवाळ्याचा जाड कोट घालून. पुतळा स्विस शिल्पकार रिचर्ड किसलिंगचा, १९१३ चा, आणि रिसालच्या अस्थी त्याखालीच आहेत. ओकाम्पोचा सगळा उद्योग म्हणजे तो कोट उतरवणं. आत काय सापडतं? पत्रं लिहिणारा, पैशांची चणचण असलेला, प्रेमात पडणारा, डोळ्यांचा डॉक्टर, लॉटरीचं तिकीट काढणारा माणूस. मिंडानाओ बेटावरच्या दापितानला हद्दपार असताना त्याला लॉटरी लागली होती, हे मी मेसमध्ये सांगितलं तेव्हा कुकने कालवण ढवळणं थांबवलं. चौदा वर्षं शिकलो सर, हे कुणी सांगितलं नाही, म्हणाला.

त्या पुस्तकात गमतीच्या अफवाही आहेत. हिटलर रिसालचा मुलगा होता का? लंडनचा जॅक द रिपर तोच का? ओकाम्पो या गोष्टी खऱ्या म्हणून सांगत नाही. लोक त्या का सांगतात आणि कागदपत्रं काय म्हणतात, हे तो बघतो. नवा वाचक इथे घसरतो. अफवा लक्षात ठेवतो आणि तिचं खंडन विसरतो. मी स्वतः एका चीफ मेटला जॅक द रिपरचं अर्धंच सांगून बसलो होतो, ते निस्तरायला पूर्ण एक वॉच, म्हणजे कामाची पाळी, गेला. लेख शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मेसमध्ये तोंड उघडायचं नाही, हा नियम तेव्हापासून.

दर्यावर्दी माणसाला या पुस्तकांत एक वेगळी गोडी आहे. १८८२ च्या मे महिन्यात रिसाल पहिल्यांदा युरोपला निघाला तो 'साल्वादोरा' बोटीने सिंगापूरपर्यंत, तिथून 'जेम्ना'ने कोलंबो, एडन, सुएझ करत मार्सेयला. माझा नेहमीचा रस्ता. अखेरच्या वर्षी तो क्युबाला डॉक्टर म्हणून निघाला, बोटीवरच त्याला अटकेत ठेवलं आणि बार्सिलोनाहून परत आणलं. चित्रकार हुआन लूना तर आमच्यातलाच: मनिलाच्या नौकानयन शाळेत शिकून पायलटचा परवाना घेतलेला. पुढे त्याच्या 'स्पोलियारियम'ला १८८४ साली माद्रिदला सुवर्णपदक मिळालं, आणि १८९२ साली पॅरिसमध्ये त्याने बायकोला आणि सासूला गोळ्या घातल्या. त्याचा भाऊ आंतोनियो हा सेनापती, १८९९ मध्ये आपल्याच सैनिकांच्या हातून मेलेला. दोन्ही भावांबद्दल वाचायचं तर 'लूनाज मुस्टॅश' आणि 'टू लूनाज, टू माबिनीज' शोधा. पण 'स्पोलियारियम' आधी प्रत्यक्ष बघा. मनिलाच्या ललितकला संग्रहालयात ते भिंतभर आहे. फोटोत काही कळत नाही.

यानंतर ओकाम्पोची खरी ताकद दिसते ते पुस्तक: 'बोन्स ऑफ कंटेन्शन', बोनिफासियोवरची व्याख्यानं. हो, व्याख्यानंच. पण आता तुम्ही तयार आहात. १९१८ मध्ये काविते प्रांतातल्या मारागोंदोनला हाडं सापडली, ती बोनिफासियोची म्हणून मनिलात ठेवली गेली, आणि १९४५ च्या मनिलाच्या लढाईत नाहीशी झाली. ती त्याची होती का, हा प्रश्न. ओकाम्पो साक्षी, कागद, हितसंबंध एकेक करून टेबलावर मांडतो. आमच्याकडे इंजिनात बेअरिंग जळलं की आधी ऑइलचा नमुना, मग लॉगबुक, मग ज्याचा वॉच होता तो माणूस, असं बघतात. तसंच. शेवटी कुणावर विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवता. माझ्या मते त्याचं सगळ्यात चांगलं पुस्तक हेच, रिसालवाल्यापेक्षाही. बोसनला हे मान्य नाही.

बोनिफासियोबद्दल मेसमध्ये बोलताना जरा जपून. रिसालची सुट्टी त्याच्या मृत्यूच्या दिवशी, ३० डिसेंबरला. बोनिफासियोची मात्र त्याच्या जन्मदिवशी, ३० नोव्हेंबरला. का, ते विचारलंत तर टेबल दोन तटांत फुटेल, कारण मृत्यूचा दिवस काढला की मारणाऱ्यांचं नावही निघतं. आणि रिसालने मरणाआधी चर्चकडे माफीपत्र लिहून दिलं की नाही, हा विषय तर जेवताना काढूच नका. ते पत्र १९३५ मध्ये सापडलं म्हणतात, भांडण अजून चालू आहे. धर्माचं म्हणाल तर ओकाम्पो स्वतः काही काळ बेनेडिक्टाइन मठात साधू होता, दोम इग्नासियो मारिया या नावाने, त्यामुळे मिस्सा (चर्चमधली उपासना) आणि पाद्री यांच्यावर लिहिताना त्याचा हात आतून सरावलेला आहे.

माबिनीबद्दल मात्र बिनधास्त बोला. आपोलिनारियो माबिनी, क्रांतीचा मेंदू म्हणवला गेलेला, दोन्ही पायांनी अधू. त्याला गुप्तरोग होता अशी कुजबुज अनेक वर्षं चालली. १९८० मध्ये त्याची हाडं तपासली तेव्हा पोलिओ निघाला. 'माबिनीज घोस्ट' हातात घेताना एवढं माहीत असू द्या.

'आगिनाल्दोज ब्रेकफास्ट' भुकेल्यापोटी वाचू नका. खाणं हा ओकाम्पोचा जुना विषय, आणि फिलिपिनो वाचकाला इतिहासात ओढायला जेवणासारखी दुसरी वाट नाही, हे त्याला पक्कं कळलंय. १८९८ च्या सप्टेंबरात मालोलोसला स्वातंत्र्याची मेजवानी झाली तिचा मेन्यू फ्रेंचमध्ये छापला होता, हे आमच्या कुकला सांगून बघा. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्याने फळ्यावर 'ऑम्लेत आ ला मनिला' लिहिलं, होतं रोजचंच.

'टॉकिंग हिस्टरी' मधेच कधीतरी घ्या. तेओदोरो आगोनसिल्यो या ज्येष्ठ इतिहासकाराशी तरुण ओकाम्पोच्या गप्पा आहेत. म्हातारा तोंडाने फटकळ. सहकाऱ्यांवरचे शेरे वाचताना पुण्यातल्या एखाद्या जुन्या संशोधकाच्या घरी चहाला बसल्यासारखं वाटतं.

'माकामिसा' सगळ्यात शेवटी. रिसालची तिसरी, अपुरी राहिलेली कादंबरी. हस्तलिखित मनिलाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात होतं, पण नोलीचा कच्चा मसुदा म्हणून बांधून ठेवलेलं. ओकाम्पोने ते वाचलं आणि हे नोली नव्हेच असं त्याच्या लक्षात आलं. आधी तागालोगमध्ये सुरू केलेली, मग रिसालने स्पॅनिशला वळवलेली. नावाचा अर्थ 'मिस्सेनंतर'. आता हे ग्रंथालय कुठे आहे? टी. एम. कालाव रस्त्यावर. आणि त्याच रस्त्यावर, लुनेताच्या कडेला, फिलिपिनो खलाशी कॉन्ट्रॅक्टसाठी जमतात, एजंट गळ्यात पाट्या अडकवून उभे असतात. आमच्या फिटरने तिथे चार महिने काढले होते, ग्रंथालयाच्या सावलीत डबा खात. आत काय आहे ते त्याला माझ्याकडून कळलं.

मनिलात एक सुट्टीचा दिवस मिळाला तर मानवशास्त्र संग्रहालयातही जा, खास मराठी माणसाने. लागुना ताम्रपट म्हणून एक छोटा पत्रा आहे, १९८९ च्या सुमारास उजेडात आलेला. अंतोन पोस्तमा या डच अभ्यासकाने तो वाचला. लिपी आपल्याला कळत नाही, पण वाचन शेजारी ठेवा: स्वस्ति, शकवर्ष ८२२, वैशाख मास, चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार. इसवी सन ९०० मधला सोमवार, मजकूर कर्जमाफीचा! मी तिथे उभ्या उभ्या आईला फोन लावून वाचून दाखवलं. ती म्हणाली, संकष्टी असणार त्या दिवशी. हे पाहून आल्यावर 'प्रीहिस्टॉरिक फिलिपिन्स' वाचा, आणि बोसनला विचारा की गुरो, मुखा, आसा, दिवाता हे शब्द त्याच्या भाषेत कुठून आले.

शेवटचं, खरेदीचं. मनिलातल्या कुठल्याही मोठ्या पुस्तकांच्या दुकानात 'फिलिपिनियाना' असं लिहिलेला कोपरा विचारा, इतिहासाच्या मुख्य रांगेत शोधत बसू नका. बंदरात उतरता येत नसेल तर मनिलाहून जहाजावर रुजू व्हायला येणाऱ्या एखाद्या पोराला आधीच मेसेज करून ठेवा, ते आनंदाने आणतात. आणि 'ओव्हरकोट'च्या दोन प्रती मागवा. माझी पहिली प्रत ऑइलरने नेली, त्याच्याकडून थर्ड मेटने, आणि तो रॉटरडॅमला उतरला.