सिंगापूरचा वर्क परमिट: निघण्याआधी पगाराचे आकडे असे तपासा

सिंगापूरला बांधकामावर किंवा शिपयार्डमध्ये जाणाऱ्याला एजंट बहुतेक वेळा सिंगापूर डॉलरमध्ये एकच आकडा सांगतो: "महिना बाराशे डॉलर." त्यावर पैसे भरू नका. या बाराशेत बेसिक किती आणि भत्ते किती, हे आधी पाहा. ओव्हरटाइम फक्त बेसिकवर मोजला जातो, त्यामुळे खरी कमाई तिथेच ठरते.

हे आकडे आयपीए पत्रावर असतात. सिंगापूरचे मनुष्यबळ मंत्रालय परमिटला तत्त्वतः मंजुरी देते, तेव्हा हे पत्र निघते. कामगार भारतातून निघण्याआधी त्याची प्रत त्याला पाठवणे मालकावर बंधनकारक आहे. एजंट "तिकडे गेल्यावर मिळेल" म्हणाला तर थांबा. मलेशिया किंवा आखाती देशांसाठी ज्यांच्या पासपोर्टला इमिग्रेशन क्लिअरन्स (परदेशी नोकरीसाठी भारत सरकारची मंजुरी) लागतो, त्यांचा करार आपल्याकडे एकदा तपासला जातो. सिंगापूर त्या देशांच्या यादीत नाही, म्हणून ही तपासणी तुम्हालाच करावी लागते.

पत्रात तीन ओळी शोधा: मूळ मासिक वेतन, ठरावीक मासिक भत्ते आणि ठरावीक मासिक कपात. ठरावीक भत्ता म्हणजे दर महिन्याला न बदलता मिळणारी रक्कम, उदाहरणार्थ जेवणाचा भत्ता. ओव्हरटाइम, बोनस आणि खर्चाची परतफेड त्यात धरत नाहीत. एजंटने ओव्हरटाइम मिळवून आकडा फुगवला असेल, तर तो इथेच उघडा पडतो.

आता हिशेब. तासाचा दर काढायला बेसिकला १२ ने गुणा आणि २,२८८ ने भागा (५२ आठवडे गुणिले ४४ तास). ओव्हरटाइमसाठी त्याची दीडपट करा. बाराशे पूर्ण बेसिक असेल तर तासाला ९.४४ डॉलर पडतात. बेसिक ५०० आणि भत्ते ७०० असतील तर फक्त ३.९३. महिन्याला ४० तास ओव्हरटाइम केला तर दोन्हींत सुमारे २२० डॉलरचा फरक पडतो, आणि एजंटच्या तोंडी आकडा तोच, बाराशे! ओव्हरटाइमची मर्यादा महिन्याला ७२ तास आहे. सुट्टीच्या वारी मालकाने बोलावून अर्ध्या दिवसापेक्षा जास्त काम दिले, तर दोन दिवसांची मजुरी द्यावी लागते. (घरकामगारांना हे ओव्हरटाइमचे नियम लागू नाहीत.)

सिंगापूरमध्ये परमिटवरच्या कामगारांसाठी किमान वेतन ठरवलेले नाही. आयपीएवरचा आकडा हाच तुमचा आधार. साइटवर काम नसले तरी ठरलेला मासिक पगार द्यावाच लागतो. बिनपगारी रजा घेऊन सिंगापूरबाहेर गेलात तरच अपवाद. बेसिक किंवा भत्ता कमी करायचा, अथवा कपात वाढवायची, तर तुमची लेखी संमती आधी हवी आणि मंत्रालयालाही आधी कळवावे लागते. म्हणूनच कोऱ्या किंवा न समजलेल्या कागदावर सही करू नका. बहुतेक फसवणूक त्या एका सहीतून कायदेशीर दिसू लागते.

कपातीत काय चालते? राहण्याचे पैसे पगाराच्या २५ टक्क्यांपर्यंत कापता येतात. एका पगारात एकूण कपात ५० टक्क्यांपलीकडे जाऊ नये, मात्र गैरहजेरी आणि उचल त्यात मोजत नाहीत. परदेशी कामगारासाठी सरकारला भरायची लेव्ही, ५,००० डॉलरची हमी आणि वैद्यकीय विमा हे मालकाचे खर्च आहेत. ते तुमच्याकडून वसूल करता येत नाहीत. नोकरी देण्यासाठी किंवा परमिट वाढवण्यासाठी मालकाने पैसे घेणे हा गुन्हा आहे. सिंगापूरच्या एजन्सीचे शुल्क परमिटच्या प्रत्येक वर्षामागे एक पगार, जास्तीत जास्त दोन पगार.

पगार महिना संपल्यावर ७ दिवसांत आणि ओव्हरटाइम १४ दिवसांत मिळायला हवा. पेस्लिपवर बेसिक, भत्ते, प्रत्येक कपात आणि ओव्हरटाइमचे तास वेगवेगळे दिसले पाहिजेत. रोख देऊन जास्त रकमेवर सही घेतली, तर पुढे सिद्ध करणे जड जाते. पगार बँक खात्यातच मागा. रोजच्या टाइमकार्डाचा फोटो काढा आणि आयपीएच्या फोटोसह घरी कुणाच्या तरी फोनवर पाठवा. तुमचा फोन हरवला तरी पुरावा राहतो.

पैसे थकले तर टीएडीएम या त्रिपक्षीय तडजोड संस्थेकडे दावा करा. नोकरीत असताना पैसे थकल्यापासून एका वर्षाच्या आत, नोकरी सुटल्यावर शेवटच्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत. आधी समेटाचा प्रयत्न होतो. तो फसला तर प्रकरण रोजगार दावे न्यायाधिकरणाकडे जाते. तिथे २०,००० डॉलरपर्यंत, आणि युनियनच्या मदतीने गेल्यास ३०,००० पर्यंत दावा चालतो. मालकाने घरी परतायचे तिकीट तुमच्या हातात दिले असेल, तर निघण्याआधी दावा नोंदवा.